वाऱ्याची खिंड

"मावशी, दोन्ही दारं एकदम उघडायची नाहीत हं. आधी मी उतरते, मग तू."

गाडी थांबल्यावर भाचीनं असं बजावलं, तेव्हा मला वाटलं शेजारी कुणी गाडी अगदी चिकटून लावली असेल. तिनं आपल्या बाजूचं दार दोन्ही हातांनी धरून आधी बोटभर, मग वीतभर उघडलं, अंग चोरून बाहेर पडली आणि पाठीनं लोटून ते बंद केलं. तेवढ्या क्षणात मागच्या सीटवरची कागदी पिशवी उडून काचेला चिकटली होती. मग वळसा घालून ती माझ्या बाजूला आली, दाराला खांदा लावून उभी राहिली. "ये आता. ओढणी नीट बांध. चष्मा हातात घे."

ओआहू बेटावरच्या नूउआनू पालीला माझं पाऊल पडलं ते असं. होनोलुलू शहराच्या मध्यापासून ही जागा दहा किलोमीटरच्या आत आहे. खाली शहरात लोक अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात, चपला घालून फिरत होते. रस्ता नूउआनूच्या दरीतून चढतो. वाटेत माउना आला हे राजघराण्याचं समाधिस्थान लागतं, राणी एमाचा उन्हाळी वाडा लागतो. झाडी दाट होत जाते आणि बाराशे फुटांच्या आसपास चढण संपते, तिथे दगडी कठड्याचा एक सज्जा आहे. सज्जाच्या पुढे जमीन नाही. कडा सुटतो तो थेट खाली, आणि खालच्या हिरव्या सपाटीपलीकडे समुद्र.

त्या सज्जावर मला पहिली काही मिनिटं काहीच दिसलं नाही, कारण डोळे उघडे ठेवता येत नव्हते. जुन्नरला जन्म गेलेल्या माणसाला वारा नवा नाही. आषाढात नाणेघाटाच्या तोंडाशी उभं राहून मी छत्र्या उलट्या होताना पाहिल्या आहेत, घाटघरच्या पठारावर वावझडीत चालले आहे. पण आमचा वारा झोताझोतानं येतो. मध्ये दम खातो, माणसालाही दम खाऊ देतो. इथला वारा दम खात नव्हता. छातीवर कुणी तळहात टेकून एकसारखं मागे रेटावं तसा तो रेटत होता. माझ्या शेजारी एक लहान मुलगा दोन्ही हात पसरून पुढे झुकला होता, आणि त्याच्या वडिलांनी त्याचा सदरा मागून घट्ट मुठीत धरला होता. कठड्याच्या बाहेर, माझ्या डोळ्यांच्या पातळीवर, एक साळुंकी पंख अर्धवट मिटून हवेत जागच्या जागी थांबली होती. उडत होती, पण पुढे सरकत नव्हती.

होय, साळुंकीच. पिवळी चोच, पिवळे पाय, आपल्या अंगणातली. ती इथे १८६५ साली आली. विल्यम हिलेब्रांड नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ डॉक्टरनं पिकांवरच्या अळ्या खायला ती भारतातून आणली. थोड्या वेळानं गाडीतळाच्या कडेच्या गवतातून एक मुंगूस पळालं. त्याचा प्रवास आणखी लांबचा. मूळ भारतातलं, तिथून जमैकाला नेलेलं आणि जमैकातून १८८३ साली उसाच्या मळ्यातले उंदीर मारायला हवाईत आणलेलं. उंदीर रात्री हिंडतात आणि मुंगूस दिवसा, हे आणणाऱ्यांच्या ध्यानात आलं नाही. उंदीर राहिलेच, आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या इथल्या मूळ पक्ष्यांची अंडी मुंगसांनी फस्त केली. जवळच्या खंडापासून सुमारे ३,८०० किलोमीटर दूर असलेल्या बेटावर आपल्याकडचे दोन जीव भेटले याचा मला आधी आनंद झाला होता. हे कळल्यावर तो राहिला नाही.

हा वारा येतो कुठून, ते समजून घेण्यासारखं आहे. हवाई आणि कॅलिफोर्निया यांच्या मधल्या महासागरावर वर्षातला बराच काळ हवेचा जास्त दाब असतो. तिथून निघालेली हवा ईशान्येकडून हवाईवर येते. हेच ते शाळेत शिकलेले व्यापारी वारे. हजारो किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून येताना त्यांना एक झाडसुद्धा आडवं येत नाही. पहिली आडवी येते ती ओआहूच्या ईशान्य किनाऱ्याला समांतर धावणारी कोओलाऊची डोंगररांग. दोन-तीन हजार फुटांची सलग भिंत. हवेला वर चढून जावं म्हटलं तर फार वर जाता येत नाही, कारण सहा-सात हजार फुटांच्या सुमारास उबदार, कोरड्या हवेचा थर झाकणासारखा बसलेला असतो. खाली भिंत, वर झाकण. अशा वेळी भिंतीत जिथे खाच असेल तिथे हवा धाव घेते. एका बाजूला ३,१५० फुटांचा कोनाहुआनुई, दुसऱ्या बाजूला २,७०० फुटांचा लानिहुली, आणि त्यांच्या मधली बाराशे फुटांवरची खाच म्हणजे ही पाली. शेताला पाणी देताना दारं मोडलं की पाटाचं संथ पाणी त्या फटीतून कसं उसळत आत शिरतं, ते ज्यानं पाहिलं आहे त्याला पाली वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

नावंही वाऱ्यानंच दिलेली आहेत. कोओलाऊ म्हणजे वाऱ्याकडची बाजू. कोना म्हणजे वाऱ्याआडची बाजू, आणि त्या उलट्या दिशेनं येणारा दमट वाराही कोनाच. नूउआनू म्हणजे गार उंचवटा. पाली म्हणजे नुसता कडा. मराठी माणसाला पाली म्हटलं की बल्लाळेश्वर आठवतो आणि पाल म्हटलं की भिंतीवरची पाल. गंमत म्हणजे या खिंडीची राखणदार मानलेली मोओ नावाची शक्तीही पालीच्याच रूपातली आहे. ती सुंदर बाईचं रूप घेऊन एकट्या वाटसरूला कड्याकडे नेते, अशी कथा सांगतात. दोन भाषांचा काही संबंध नाही, हा निव्वळ योगायोग. पण तो मला त्या सज्जावर उभी असताना कळला, आणि आपसूक मी भिंतीच्या भेगांकडे पाहिलं.

होनोलुलूत दिशा सांगताना पूर्व-पश्चिम फारसं कुणी म्हणत नाही. माउका म्हणजे डोंगराकडे, माकाई म्हणजे समुद्राकडे. दुकान रस्त्याच्या माउका बाजूला आहे, असं लोक सहज सांगतात. माझी आजी कोकणाला कधी कोकण म्हणत नसे, "खाली" म्हणायची. खालचं मीठ, खालचे तांदूळ, खालून आलेली सोयरीक. डोंगराच्या धारेवर राहणाऱ्यांची भाषा अशीच घडत असावी.

कोओलाऊच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळे देश आहेत म्हटलं तरी चालेल. वाऱ्याआड असलेल्या वायकिकीच्या किनाऱ्यावर वर्षाला पंचवीस इंचही पाऊस धड पडत नाही. तिथून थोड्याच अंतरावर, कोओलाऊच्या माथ्यावर, काही ठिकाणी अडीचशे इंचांच्या घरात पडतो. म्हणजे आपली आंबोली आणि आपलं बारामती एका तासाच्या अंतरावर. फरक एवढाच की आमचा नैऋत्येचा वारा चार महिने राबतो आणि जातो. इथला बारमाही कामावर असतो. म्हणून वाऱ्याकडच्या उतारावर ओढे कधी आटत नाहीत, आणि म्हणून तिथे पूर्वापार अळूची खाचरं होती.

अळूबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. हवाईचं मुख्य अन्न म्हणजे कालो, आणि कालो म्हणजे आपलं अळूच, तीच जात. आपण पानांची भाजी आणि वड्या करतो, अळकुड्या उपवासाला खातो. हवाईत गड्डा शिजवून, दगडी वरवंट्यानं कुटून त्याचं पोई करतात. पानांना लूआऊ म्हणतात, आणि पर्यटकांना ठाऊक असलेल्या तिथल्या मेजवानीचं नाव या पानांवरून पडलं आहे. त्यांच्या वंशकथेत अळू हा माणसाचा थोरला भाऊ आहे. आधी हालोआ नावाचं बाळ मृत जन्मलं, त्याला पुरलं तिथे अळू उगवलं, आणि मग जन्मलेल्या दुसऱ्या हालोआपासून माणसं झाली. थोरला धाकट्याला पोसतो, धाकट्यानं थोरल्याची निगा राखायची. भाचीच्या शेजारच्या वयस्क हवाईयन बाईंनी हे मला सांगितलं. त्यांना सगळी गल्ली 'आंटी' म्हणते. ओळख असो-नसो, मोठ्या माणसाला आंटी-अंकल म्हणण्याची तिथे रीतच आहे. मी त्यांना अळूवडीचं वर्णन करून सांगितलं. चिंच-गूळ लावून पानांची गुंडाळी, हे ऐकून त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "आणि गड्डा कुणाला देता?"

पूर्वी या अळूचं, माशांचं, डुकरांचं ओझं घेऊन माणसं या खिंडीतून ये-जा करत. ओझं वाहायची काठी खांद्यावर आडवी, दोन्ही टोकांना भार. तिला आउआमो म्हणतात. आपली कावडच. गाडीरस्ता नव्हता तेव्हा कड्याची ती वाट हातापायांनी चढावी लागे, आणि वारा पाठीशी असेल की समोर, यावर जीव अवलंबून असे. खिंडीच्या तोंडाशी दोन मोठे दगड होते, हापूउ आणि कालाएहाउओला नावाच्या दोन देवता. वाटसरू त्यांच्यापुढे फुलं किंवा झाडाच्या सालीच्या कापडाचा तुकडा ठेवी आणि वारा पडू दे, सुखरूप उतरू दे, असं मागे. नवजात बाळाची नाळही लोक त्या दगडांपाशी पुरत. कसाऱ्याच्या घाटात घाटनदेवीला हात जोडल्याशिवाय गाडी पुढे न नेणारे ड्रायव्हर आपण पाहतो. सह्याद्रीतल्या कितीतरी वाटांवर पाला-दगड वाहायची ठिकाणं आहेत. घाट चढणाऱ्या माणसाला जगात सगळीकडे एकच भीती वाटलेली आहे.

आणखी एक रीत अजून जिवंत आहे. पाली ओलांडताना डुकराचं मांस बरोबर न्यायचं नाही. नेलं तर गाडी बंद पडते, म्हणतात. मागच्या सीटवरच्या त्या कागदी पिशवीत भाचीचा डबा होता. भातावर डबाबंद मांसाची चकती ठेवून समुद्रशेवाळानं बांधलेली मुसुबी हे तिथलं रोजचं खाणं, आणि ते मांस डुकराचं असतं. तिच्या लक्षात आलं तेव्हा आम्ही माथ्यावर होतो. ती शिकलेली, संगणकावर काम करणारी मुलगी. काही बोलली नाही. तिनं मुसुबी तिथेच बाकावर बसून वाऱ्याला पाठ करून खाऊन टाकल्या, तेव्हाच आम्ही पुढे निघालो. मला ते आवडलं. कथा अशी आहे की ज्वालामुखीची देवी पेले आणि अर्धा डुक्कर, अर्धा माणूस असलेला कामापुआ यांचं भांडण झालं आणि अखेर त्यांनी मुलूख वाटून घेतला. कोरडी बाजू तिची, ओली बाजू त्याची. एकानं दुसऱ्याच्या हद्दीत जायचं नाही. डुकराचं मांस खिंडीपलीकडे नेणं म्हणजे कामापुआला पेलेच्या हद्दीत नेणं. वायकिकीचे पंचवीस इंच आणि कोओलाऊचे अडीचशे इंच यांची सीमा या कथेनं किती नेमकी आखली आहे. पर्जन्यमापक यायच्या कितीतरी आधी लोकांनी हे जाणलं होतं आणि पोरांच्या लक्षात राहील अशा गोष्टीत बांधून ठेवलं होतं.

सज्जावर एका दगडात बसवलेला काशाचा फलक आहे. 'डॉटर्स ऑफ हवाई' या संस्थेनं तो १९०७ साली लावला. बहुतेक लोक त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढतात, वाचणारे थोडे. तो १७९५ च्या लढाईचा आहे.

त्याच साली मार्चमध्ये आपल्याकडे खर्ड्याला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. काही आठवड्यांत, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, हवाई बेटाचा सरदार कामेहामेहा होड्यांचा प्रचंड तांडा घेऊन ओआहूच्या किनाऱ्याला लागला. माउई आणि मोलोकाई त्यानं घेतलेच होते. ओआहूवर कालानीकूपुले राज्य करत होता. कामेहामेहाकडे भाले आणि गोफणींच्या जोडीला बंदुका होत्या, तोफा होत्या, आणि त्या चालवायला जॉन यंग आणि आयझॅक डेव्हिस हे दोन गोरे खलाशी होते. काइआना नावाचा त्याचा एक मोठा सरदार ऐन वेळी फुटून ओआहूच्या बाजूला गेला आणि लढाईत पडला. वायकिकीकडून लढाई सरकत सरकत नूउआनूच्या दरीत आली. ही दरी वर जाताना अरुंद होत जाते. मी गाडीनं आले त्याच वाटेनं ओआहूचे सैनिक मागे हटत वर आले होते. दोन्ही अंगांना उभे डोंगर, समोर शत्रू, आणि पाठीमागे, जिथे आज सज्जा आहे तिथे, कडा.

पावनखिंड आपल्या मनात आहे ती चिंचोळी वाट अडवून धरणाऱ्यांची. इथे खिंड उलटी झाली. ती सुटकेचा दरवाजा असायला हवी होती, पण हजारोंना हातापायांनी उतरायला ती वाट पुरणार नव्हती. काही जण ढकलले गेले, काहींनी स्वतःहून उड्या टाकल्या, काही धारांवर चढून निसटले. मेलेल्यांचा आकडा चारशेहून जास्त असा सांगितला जातो. हवाईयन लोक या घटनेला कालेलेआकाआनाए म्हणतात, बोई माशांची उडी. जाळं जवळ आलं की बोई माशांचा थवा पाण्याबाहेर कसा उसळ्या घेतो, हे कोकणच्या खाडीवर ज्यानं पाहिलं आहे त्याला हे नाव फार वेळ ऐकवणार नाही. आपल्या भाषेत कडेलोट हा शब्द शिक्षेसाठी आहे. हारलेल्या सैन्याच्या कडेलोटाला आपल्याकडे वेगळा शब्द नाही.

कालानीकूपुले डोंगरात निसटला. काही महिन्यांनी तो सापडला आणि युद्धदेवतेला त्याचा बळी दिला गेला. १८१० साली काउआई बेटाच्या राजानंही कामेहामेहाचं वर्चस्व मान्य केलं आणि सगळी बेटं एका राज्याखाली आली. होनोलुलूत कामेहामेहाचा सोनेरी वस्त्रातला मोठा पुतळा आहे, दरवर्षी त्याला लांबच लांब फुलमाळा चढतात. त्याच्या थोरपणाबद्दल माझी तक्रार नाही. पण मी त्या सज्जावर उभी असताना मला तो दिसत नव्हता, ते दुसरे दिसत होते, ज्यांची नावं कुठल्याही फलकावर नाहीत.

त्यांची आठवण रस्त्यानं करून दिली. १८४५ साली पायवाट रुंद करून घोड्यांजोगी केली गेली होती. १८९७ साली गाडीरस्त्याचं काम निघालं. ते काम करणाऱ्यांत जॉन विल्सन हा तरुण हवाईयन अभियंता होता, पुढे तो होनोलुलूचा महापौर झाला. कड्याच्या पायथ्याला खोदताना मजुरांना हाडं लागू लागली. मोजल्या तेव्हा सुमारे ८०० कवट्या भरल्या. शंभर वर्षं ती माणसं तिथेच पडून होती, वरून झाडी वाढली होती, पाऊस पडत होता. रस्ता १८९८ साली पुरा झाला, आणि त्याच वर्षी अमेरिकेनं हवाईची बेटं आपल्या राज्याला जोडून घेतली. राणी लिलिउओकालानी हिला पाच वर्षं आधीच पदच्युत केलं होतं. कामेहामेहानं ज्या कड्यावर जिंकून राज्य उभं केलं, त्या कड्याखालची हाडं वर आली आणि त्या राज्याची बेटं अमेरिकेत गेली, जवळपास एकाच वेळी.

आता त्या कड्याकडे नीट पाहू. वारा जरा सवयीचा झाल्यावर मी कठड्याला पोट टेकून डावी-उजवीकडे पाहिलं. कोओलाऊची ती भिंत उभ्या खाचांनी चिरलेली आहे. आपण सह्याद्रीत ज्यांना नळी म्हणतो तशा नळ्या, एकीशेजारी एक, शेकड्यांनी. पाऊस झाला की प्रत्येकीतून पांढरी धार सुटते. दगडही ओळखीचा, काळा बसाल्ट. मी हात लावून पाहिला. लेण्याद्रीच्या पायऱ्यांसारखाच खरखरीत.

कोओलाऊ हा एका प्रचंड ज्वालामुखीचा उरलेला अर्धा भाग आहे. दुसरा अर्धा समुद्रात गेला. सुमारे वीस लाख वर्षांपूर्वी त्याची ईशान्येकडची कूस सुटली आणि समुद्रतळावर शंभर-दोनशे किलोमीटरपर्यंत पसरली. अमेरिकी भूशास्त्रज्ञ जेम्स मूर यानं १९६४ साली समुद्रतळाच्या नकाशावरून हे पहिल्यांदा मांडलं, तेव्हा ते अनेकांना पटलं नव्हतं. नंतर ध्वनिलहरींनी तळाची चित्रं काढली गेली आणि ते तुकडे स्पष्ट दिसले. त्यातल्या सगळ्यांत मोठ्याला टस्कालूसा नाव आहे. तो सुमारे ३० किलोमीटर लांब आणि १७ किलोमीटर रुंद आहे. मुंबई बेटाहून मोठी दरड. उरलेल्या भिंतीला मग ओढ्यांनी मागे मागे खात आजचा आकार दिला.

आमचा सह्याद्री जुना, साडेसहा कोटी वर्षांचा. त्याचा लाव्हा ज्या उष्ण जागेवरून वर आला, ती जागा आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. म्हणजे नाणेघाटाचा दगडही एका अर्थी बेटाचाच भाऊबंद. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण पालीच्या दगडावर हात ठेवला तेव्हा ते पहिल्यांदा खरं वाटलं.

आणि एक गोष्ट तर मी नाणेघाटावरूनच ओळखत होते. परतताना होनोलुलूच्या बाजूला भाचीनं गाडी हळू केली आणि डोंगराकडे बोट दाखवलं. सकाळी सर पडून गेली होती. एका उंच घळीतून पाण्याची धार निघत होती, खाली येत होती, आणि अर्ध्या वाटेत थांबून वर जात होती. पांढरा फवारा, घळीच्या तोंडापर्यंत परत. त्या धबधब्याचं नाव वाइपुहिया, उडवलेलं पाणी. लोक त्याला उलटा धबधबा म्हणतात. श्रावणात नाणेघाटात हेच पाहायला आता पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. माझ्या लहानपणी ते पाहायला कुणी येत नसे. ते घाटघरच्या लोकांच्या अंगावर येणारं रोजचं पाणी होतं.

आज पालीच्या माथ्यावर येण्याची कुणालाही गरज नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस माथ्याखालून बोगदे झाले, पुढे शेजारच्या लिकेलिके रस्त्याला बोगदा झाला, आणि १९९७ साली तिसरा, एच-थ्री हा महामार्ग सुरू झाला. पवित्र जागांवरून तो जाऊ नये म्हणून लोकांनी अनेक वर्षं लढा दिला होता. बोगद्यातून जाणाऱ्याला डोंगर लागत नाही. अंधार, दिवे आणि पुन्हा उजेड. तरी डोंगर आपलं अस्तित्व सोडत नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत पालीच्या बोगद्याजवळ दरड कोसळली आणि पालीचा महामार्ग कित्येक महिने धड सुरू नव्हता.

१८९८ चा जुना रस्ता मात्र शिल्लक आहे. सज्जाच्या उजव्या बाजूनं तो खाली उतरतो. गाड्यांना बंद, पायी जाणाऱ्यांना मोकळा. आम्ही उतरलो. पहिल्याच वळणानंतर वारा पडला. एकदम, दार लावून घ्यावं तसा. भिंतीच्या पोटाशी हवा तुंबून राहते, म्हणून असं होतं. कानात मात्र तो घोंगावत राहिला. रस्त्याच्या कडेचा कठडा शेवाळानं मऊ झाला होता. बुंध्याएवढ्या वेलींनी फरशी मध्येच धरली होती. वर पाहिलं की ढग माथ्यावरून पळताना दिसत होते, आणि आमच्या भोवती पानही हलत नव्हतं. आठशे कवट्या याच उतारावर सापडल्या. भाची नुसती चालत होती, मीही. अर्ध्या तासात आम्हाला एकच माणूस भेटला, कुत्र्याला फिरवणारा.

वरच्या सज्जावर त्या वेळेत किती बसगाड्या येऊन गेल्या असतील. मी मोजलं नाही, पण प्रत्येक बस पंधरा मिनिटं थांबते. मुलांकडे अमेरिकेला जाणारी, तिथून हवाईची सहल करणारी मराठी माणसं आता घरोघरी आहेत. त्यांना माझं एवढंच सांगणं: पालीला गेलात तर बस सुटू द्या. फलक वाचा. जुन्या रस्त्यानं पहिल्या वळणाच्या पुढपर्यंत चालत जा. दगड उचलून आणू नका, ती मेलेल्यांची जागा आहे. आणि परत आल्यावर, नाणेघाटात उलटा धबधबा पाहायला जाल, तेव्हा गुहेतला नागनिकेचा शिलालेख आणि जकातीचा तो दगडी रांजण यांच्यापाशीही थोडं थांबा. त्या पायऱ्या झिजल्या आहेत त्या ओझ्याच्या पावलांनी.

खरं तर पालीला मी दोनदा गेले. पहिल्यांदा गेले तेव्हा कोनाचा वारा होता, म्हणजे नव्हताच. समुद्रावर धुरकट झापड होती, सज्जावर घाम येत होता, कोंबड्या गाडीतळावर निवांत दाणे टिपत होत्या. लोक छान फोटो काढत होते. मीही चांगली जागा आहे असं म्हणून परत फिरले. आंटींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "वारा नसताना गेलीस म्हणजे गेलीच नाहीस. पूर्वी असे दिवस मोजके असत."

त्यांचं म्हणणं मोजलेलं आहे. हवाई विद्यापीठातल्या संशोधकांनी जुन्या नोंदी तपासल्या. होनोलुलूत ईशान्येचा व्यापारी वारा १९७३ साली वर्षातले २९१ दिवस वाहत होता. २००९ साली तो २१० दिवस वाहिला.